हात राखून

पारनेर तालुक्यातील मौजे पिंपळनेर येथे संत निळोबारायांची समाधी आहे. तुकोबांच्या परंपरेतील थोर अभंगकार म्हणून वारकरी संप्रदायात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या निळोबांच्या गावी कीर्तनाला बसण्याचा योग ज्याला येईल, त्याने बुवांच्या मुखाकडे पाहता पाहता क्षणभर आपली दृष्टी त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या टाळकऱ्यांच्या हातांकडे वळवावी. अभंगाचा चरण चढत जातो तेव्हा वीस-पंचवीस टाळांचा एकवटलेला नाद अंगावर येतो; बुवा निरूपणाला लागले की तेच टाळ छातीशी येऊन स्तब्ध होतात; आणि निरूपणाच्या ओघात बुवांनी एखादी ओळ गुणगुणल्यासारखी घेतलीच, तर टाळांच्या कडा एकमेकींना केवळ टेकतात, इतक्या हलक्या, की नाद तर कानी पडावा, पण बुवांचा एकही शब्द त्याखाली झाकला जाऊ नये. कोणी खूण करीत नाही, कोणी कोणास ताकीद देत नाही. दिवसा कांदा काढणारे आणि पहाटे डेअरीवर दूध घालणारे हे हात. संगीताच्या परीक्षेचा दाखला त्यांतील क्वचितच एखाद्यापाशी असेल. तथापि आवाज कोठे सोडावा आणि कोठे आवरावा, याविषयी त्यांची कधी चूक झालेली मी पाहिली नाही. हीच गोष्ट गिटार हाती धरून दोन वर्षे लोटल्यावरही मला साधलेली नव्हती.

पारनेरला एस.टी. स्टँडापासून थोड्या अंतरावर, एका दुकानाच्या माडीवरील खोलीत, नगरहून आठवड्यातून दोनदा येणारा एक तरुण आम्हां सहा-सात जणांना गिटार शिकवी. (नगरचे नाव आता सरकारदप्तरी अहिल्यानगर झाले आहे, बोलण्यातला शिरस्ता मात्र जुनाच चालला आहे.) विद्यार्थ्यांत मी वयाने सर्वांत मोठा, म्हणून तो मला काका म्हणे आणि विद्येने तो मोठा, म्हणून मी त्याला सर म्हणत असे. कॉर्ड मला येऊ लागल्या होत्या, हात तालात पडू लागला होता, दोन-चार गाणी पूर्ण वाजत होती, आणि आता आपल्याला गिटार येते असा माझा समज होऊ पाहत होता. एके दिवशी माझे वाजविणे शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, “काका, सगळं बरोबर वाजतंय. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच आवाजात वाजतंय. घरात आपण असं बोलतो का? लेकराला झोपवताना आणि रानात गडी हाकारताना आवाज एकच असतो का?”

मग त्याने पंखा बंद केला, रस्त्याकडची खिडकी लावून घेतली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखविले. सेकंदकाट्याची टकटक ऐकू येऊ लागली. “याची टकटक ऐकू येत राहील एवढ्याच आवाजात वाजवा,” तो म्हणाला.

मी आठ मात्रांचा एक साधा फेरा घेतला. पहिल्या आघातालाच टकटक बुडाली. हात आखडता घेतला, तेव्हा सहांपैकी दोन तारा वाजल्याच नाहीत, एक नुसती खरखरली, आणि लय दर फेऱ्याला मंदावत गेली. मनगट ताठ झाले, अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीतले पिक (तारा छेडण्याची लहान चकती) घामाने निसटू लागले. जोराने वाजविताना जे दोष आवाजाच्या भरात लपून जात होते, ते सारे त्या शांत खोलीत एकेक करून वर आले. हळू वाजविणे म्हणजे कमी श्रमाचे वाजविणे, ही माझी समजूत त्या सायंकाळी साफ मोडली. पुढे जवळजवळ वर्षभर मी मुख्यतः एवढी एकच गोष्ट शिकत होतो, आणि आजही, तो तरुण नोकरीनिमित्त दूर गेल्यावर, रोजच्या अभ्यासाचा आरंभ त्या घड्याळापासूनच करतो.

या विद्येचे मर्म समजण्यासाठी वाद्याची घडण थोडी न्याहाळली पाहिजे. लोखंडी तारांच्या साध्या गिटारीच्या सहा तारा मिळून साठ-सत्तर किलोंच्या आसपास ओढ धरून असतात, आणि ही ओढ जिच्यावर पडते ती पुढची लाकडी फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. तार स्वतः हवेला फारशी हालवू शकत नाही. तिचा कंप ब्रिजवाटे (तारांच्या फळीवरील टेकूवाटे) फळीत उतरतो आणि फळी बोलते. तार जागेवरून जितकी दूर सारून सोडावी, तितका आवाज मोठा. परंतु या वाढीला हद्द आहे. फार दूर सारलेली तार सुटता सुटता अधिक ताणली जाते, म्हणून तिचा स्वर प्रथम किंचित चढा लागून मग जागेवर येतो. शिवाय ती पट्टीवरच्या धातूच्या पडद्यांवर आपटून झणझणते. म्हणजे एका मर्यादेपलीकडे घातलेले बळ आवाज न वाढविता केवळ स्वर बिघडविते. मी दोन वर्षे ज्याला खुला हात समजत होतो, तो बहुतांशी ही झणझण होती.

आवाज लहानमोठा करण्याची साधने उजव्या हातात आहेत, आणि ती मोजकीच आहेत. पिकचे टोक तारेत किती खोल उतरते, हे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे. ते दोन मिलिमीटर उतरले तर मनगट कितीही हळू फिरवा, तार अडखळून मोठ्यानेच सुटणार. टोक नुसते तारेच्या माथ्यावरून सरकले तर तोच हात त्याच वेगाने फिरूनही आवाज निम्म्यावर येतो. दुसरे साधन चिमटीची पकड. नवशिक्या पुष्कळदा अर्ध्या मिलिमीटरचे पातळ पिक घेतो, कारण ते वाकते आणि हाताचा खडबडीतपणा झाकते. परंतु त्याच वाकण्यामुळे ते हलका आघात व जड आघात यांतील भेदही खाऊन टाकते. एक मिलिमीटरचे जाड पिक सैल धरले, तर पकड आवळता आवळता आवाज वाढतो आणि सैल सोडता सोडता उतरतो. सर्व कारभार बोटांच्या ताब्यात राहतो. तिसरी गोष्ट जागेची. ब्रिजजवळ छेडलेली तार कडक, टोकदार बोलते. गोल छिद्राच्या वरच्या अंगाला, पट्टीकडे छेडलेली तीच तार मऊ होते. आणि चौथी गोष्ट म्हणजे सर्व तारा दर वेळी वाजविण्याची सक्ती कोणी केलेली नाही. गायक शब्द उच्चारीत असताना वरच्या तीन तारा पुरतात. शब्द संपून जागा मोकळी झाली की सहाही घ्याव्यात.

सरांनी मला एकच कॉर्ड पाच पायऱ्यांत वाजवावयास लावली. पहिली पायरी घड्याळाची. पाचवी, तार झणझणण्याच्या अलीकडची. पहिलीवरून पाचवीवर जाणे एका आठवड्यात साधले. पाचवीवरून पहिलीवर उतरावयास चार महिने लागले. आवाज वाढताना लय धावते आणि उतरताना रेंगाळते, ही खोड बहुतेक सर्व हातांना असते. म्हणून मेट्रोनोम लावून, लय न हालू देता, चार फेऱ्यांत चढावे आणि आठ फेऱ्यांत उतरावे, असा त्यांचा नेम होता. मला आणखी एक अडचण आली. फार हळू वाजविताना गिटारीचा खर्ज नाहीसा झाल्यासारखा वाटे आणि वाद्य पोकळ भासे. यात वाद्याचा किंवा हाताचा दोष नाही. आवाज जितका लहान, तितके मानवी कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने कमी ऐकू येतात. हार्वे फ्लेचर व विल्डन मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1933 साली हे मोजून प्रसिद्ध केले. तेव्हा मंद वाजविताना अंगठ्याकडील जाड तारांना कणभर अधिक वजन द्यावयाचे, ही तजवीज मी शिकलो.

युरोपीय संगीतात या चढउताराला लेखी अधिष्ठान आहे. इटलीतील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने 1700 सालच्या सुमारास जे नवे वाद्य घडविले, त्याच्या नावातच ‘हळू’ आणि ‘मोठ्याने’ या अर्थाचे दोन इटालियन शब्द, पियानो व फोर्ते, होते. कारण बोटाच्या भाराप्रमाणे आवाज लहानमोठा होणे हेच त्याचे वैशिष्ट्य होते. स्वरलिपीत प्रत्येक ओळीखाली तशी चिन्हे लिहिली जातात. आमच्याकडे पंडित विष्णु नारायण भातखंडे आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी सिद्ध केलेल्या स्वरलेखनात कोमल-तीव्र, सप्तक, मात्रा, मींड यांची चिन्हे सापडतात. आवाज कोठे सोडावा आणि कोठे राखावा याची चिन्हे मात्र त्यांत आढळत नाहीत. यावरून आमच्या संगीताला ही जाण नव्हती असा निष्कर्ष काढणे मोठे अन्यायाचे होईल. स्वराचा लगाव, आवाजाची फेक, पल्लेदार आवाज, दबका आवाज, दाब, घिस, हात राखून वाजविणे, हे शब्द गवयांच्या आणि वादकांच्या नित्य बोलण्यातले आहेत. ही विद्या कागदावर उतरली नाही, कारण ती समोर बसूनच दिली आणि घेतली जात होती. बालगंधर्वांच्या उमेदीच्या काळात रंगभूमीवर ध्वनिक्षेपक नव्हता. तरी मागच्या रांगेपर्यंत त्यांचे पद पोचे, आणि त्या पोचण्याला ओरडण्याचे रूप कधी आले नाही, असे सांगणारी पिढी आमच्या लहानपणी हयात होती. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या हळुवार लगावाची मोहिनी महाराष्ट्रावर पडली तीही अशाच मार्गाने. आणि लांब कशाला जावे? भजनी मंडळातील पेटीवाल्याचा डावा हात पाहावा. उजवा हात स्वर देतो. पण अभंगाचे शब्द सुरू होताच भाता किती हळू दाबावा, हे डावा हात जाणतो. यात्रेतल्या तमाशात गाणारीण ओळ उचलते तेव्हा ढोलकीवाला हात आवरतो, आणि ओळ संपता संपता पुन्हा सुटतो. मला गिटारीवर जे शिकावयाचे होते ते सारे माझ्या तालुक्यात चालू होते, आणि मी ते चाळीस वर्षे ऐकूनही न ऐकल्यासारखे केले होते.

गिटार हे मुळात लहान आवाजाचे वाद्य. स्पेनचा आंद्रेस सेगोव्हिया मोठमोठ्या सभागृहांत ध्वनिवर्धकाशिवाय वाजवी, आणि वाद्याचा आवाज लहान म्हणून श्रोत्यांना निश्चल बसावे लागे. परंतु नृत्याच्या वाद्यवृंदात, कर्ण्यांच्या आणि ढोलांच्या गजरात, या वाद्याचे काही चालेना. म्हणून तारेखाली लोहचुंबक बसवून तिचा कंप विजेच्या मार्गाने वाढविण्याची युक्ती निघाली, आणि 1932 साली अमेरिकेत रिकनबॅकरची पहिली विद्युत गिटार विक्रीस आली. दुर्बल वाद्याला इतरांच्या बरोबरीने बोलता यावे हा तिचा हेतू रास्तच होता. पुढे तिचे काय झाले, हे सांगताना मला पुन्हा नगर जिल्ह्यातच यावे लागते.

आमच्या तालुक्याला लागून असलेल्या नगर तालुक्यात, दौंड रस्त्यावर अरणगावापाशी, मेहेराबाद आहे. पुण्याच्या एका इराणी कुटुंबात 1894 साली जन्मलेल्या मेहेरबाबांनी तेथे 10 जुलै 1925 रोजी मौन धारण केले आणि 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवीपर्यंत, म्हणजे साडेत्रेचाळीस वर्षे, ते सोडले नाही. प्रथम ते अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून आपले म्हणणे सांगत. 1954 मध्ये पाटीही ठेवून दिली आणि पुढे केवळ हातांच्या खुणा राहिल्या. या मौनी पुरुषाच्या पाश्चात्त्य अनुयायांत इंग्लंडचा पीट टाऊनशेंड होता. ‘द हू’ या वाद्यवृंदाचा हा गिटारवादक मेहेराबादला समाधीच्या दर्शनास येऊन गेला. त्याच्या 1971 सालच्या एका विख्यात गीताच्या शीर्षकातील ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबाच.

आणि हाच टाऊनशेंड त्या काळी जगातील सर्वांत मोठ्या आवाजाच्या गिटारवादकांपैकी एक होता. जिम मार्शल या लंडनच्या व्यापाऱ्याने 1965 च्या सुमारास माणसाच्या उंचीचे जे ध्वनिवर्धकांचे मनोरे बनविले, ते टाऊनशेंडसारख्या गिऱ्हाइकांच्या आग्रहावरून. 31 मे 1976 रोजी लंडनच्या चार्लटन येथील मैदानात ‘द हू’चा कार्यक्रम झाला, तेव्हा ध्वनिवर्धकांपासून 32 मीटरांवर आवाज 126 डेसिबल भरला आणि सर्वांत मोठ्या आवाजाची मैफल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पुढे असल्या नोंदींनी लोकांच्या कानांना अपाय होतो हे ध्यानी घेऊन गिनीजने तो वर्गच बंद केला. खुद्द टाऊनशेंडच्या कानांत कायमची गुणगुण राहिली आणि ऐकण्याची शक्ती कमी झाली. स्टुडिओत मोठ्या आवाजात वापरलेल्या हेडफोनांना तो याचा मुख्य दोष देतो. त्याने ही हकीकत जाहीरपणे सांगितली आणि वादकांना कान सांभाळण्याविषयी सावध करणाऱ्या अमेरिकेतील एका संस्थेला आरंभी आर्थिक साहाय्यही केले. साडेत्रेचाळीस वर्षे शब्द न उच्चारणारा गुरू आणि 126 डेसिबलचा शिष्य यांची गाठ ज्या नियतीने घातली, तिचा अर्थ लावण्याचा अधिकार मला नाही. परंतु अरणगावच्या टेकडीवर समाधीपाशी काही वेळ बसलो असताना, वाऱ्याखेरीज काहीच ऐकू येत नव्हते तेव्हा, हा मनुष्य येथे कशासाठी आला असेल हे मला कळल्यासारखे वाटले.

डेसिबलचा हिशेब सामान्य वाचकाला फसवितो, म्हणून दोन शब्द सांगतो. दर दहा डेसिबलांना ध्वनीची तीव्रता दसपट होते. कानाला मात्र ती साधारण दुप्पट भासते. केंद्र सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा मुक्रर आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे; वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. चार्लटनचा 126 हा आकडा दिवसाच्या 55 च्या शेजारी ठेवला, तर तीव्रतेतील अंतर सुमारे सव्वा कोटी पट निघते. चार्लटन दूर आहे असे कोणी म्हणू नये. दोन वर्षांपूर्वी एका मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीला खेटून दहा-पंधरा मिनिटे अडकून पडावे लागल्यावर माझ्या उजव्या कानात दोन दिवस शिटी वाजत होती. त्या दोन दिवसांत मला घड्याळाची टकटक ऐकू येईना. अभ्यासाला बसलो, हात हलका ठेवला, पण किती हलका हे सांगणारा साक्षीदारच गैरहजर होता. मला त्या वेळी जी भीती वाटली ती आजही आठवते. आंतरकर्णातील ज्या सूक्ष्म केसयुक्त पेशी ध्वनी टिपतात, त्या एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत.

विद्युत गिटार मी पुढे वाजविली, आणि तिच्याविषयी माझे मत वाईट नाही. उलट मंद वाजविण्याची परीक्षा तीच अधिक कठोरपणे घेते. अँपचा (ध्वनिवर्धकाचा) गेन वाढवून आवाज फाटेपर्यंत नेला, की हलका व जड आघात दोन्ही सारखेच गरजतात; हाताने केलेला भेद अँप पुसून टाकते. जाणता वादक अशा वेळी अँपला हात न लावता गिटारीवरील व्हॉल्यूमचा नॉब करंगळीने दहावरून सहावर आणतो, आणि फाटलेला स्वर स्वच्छ होतो. नॉब उतरविताना वरचे चमकदार स्वर थोडे मावळतात, तेव्हा हात ब्रिजकडे बोटभर सरकवून ते परत मिळवावे लागतात. म्हणजे नॉब असला तरी काम शेवटी हाताकडेच येते.

गेल्या माघात आमच्या आळीतल्या भजनाला मी गिटार घेऊन बसलो. पेटी, पखवाज, टाळ आणि मी. पहिल्या अभंगाला मी अंग चोरून बसलो होतो. दुसऱ्या अभंगाच्या वेळी पखवाजवाले आजोबा माझ्याकडे झुकून म्हणाले, “बाळ, जरा उघडा हात येऊ दे, आता शब्द नाहीत.” मी सहाही तारा घेतल्या. शब्द आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. माझा हात आपोआप वरच्या तीन तारांवर आला होता.

या दिवाळीत ज्यांच्या घरी मुलासाठी गिटार येईल, त्या आईबापांना माझी एक विनंती आहे. अँपची घाई करू नये. पहिले सहा महिने साधी लाकडी गिटारच असू द्यावी, आणि मुलगा किंवा मुलगी अभ्यासाला बसली की दहा मिनिटे घरातला टीव्ही आणि पंखा बंद ठेवावा. भिंतीवर टकटक करणारे जुने घड्याळ असेल, तर ते त्याच खोलीत लावावे.